पाठीवरच्या तीन फुल्या

दिवाळीच्या सकाळी साडेदहाला इराने सासऱ्यांचा सदरा पाठीवरून वर सारला आणि तिच्या हातातली मलमाची नळी तशीच राहिली.

रेघा सरळ होत्या.

महिनाभर ती या रेघा रोज बघत होती. कमरेच्या खाली मधोमध एक फुली आणि दोन्ही कुशींना एकेक. किरणोपचाराच्या सेंटरमधली टेक्निशियन शरण्या त्या जांभळट शाईने घाईघाईत काढायची. त्या थोड्या फिसकटायच्या, दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यावरूनच पुन्हा गिरवायची. मशीनच्या उजेडाचे धागे त्या फुल्यांवर नीट बसले की मगच ती खोलीबाहेर जाऊन किरणं सोडायची. आज त्या फुल्या काळ्याभोर होत्या, पट्टी लावून मारल्यासारख्या. आणि अप्पांच्या पाठीला तिळाच्या तेलाचा वास येत होता.

"अप्पा, आंघोळ कोणी घातली?"

जयतीर्थराव पालथे पडले होते. त्यांनी उशीतूनच उत्तर दिलं, "दीपावळी आहे अम्मा. गंगास्नान नको कां?"

"शुक्रवारी संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. तेल नाही, साबण नाही, कमरेला पाणीसुद्धा नाही. फक्त ओल्या फडक्याने पुसायचं."

"सांगितलंस. बरोबर सांगितलंस."

इराने मलम लावलं नाही. सदरा खाली केला आणि ती तडक स्वयंपाकघराकडे निघाली.

कृष्णवेणी अक्का जमिनीवर बसून लेहियम ढवळत होत्या. दिवाळीच्या दिवशी तेलाच्या आंघोळीनंतर तो आल्या-मिऱ्याचा काळा गोळा प्रत्येकाच्या हातावर पडलाच पाहिजे, हा तमिळ मुलुखात पिढ्या काढलेल्या त्यांच्या मराठी घरचा नेम. अक्का जयतीर्थरावांच्या थोरल्या बहीण, वय त्र्याहत्तर. इरा दारात उभी राहिलेली पाहून त्यांचा उलथण्यावरचा हात थांबला, आणि इराला सगळं कळलं.

"अक्का, तुम्ही न्हाऊ घातलंत?"

"डोक्याला नुसतें," अक्का म्हणाल्या. "तो म्हणाला, अक्का, या वर्षीं डोक्याला तरी लाव. महिन्यानें पहिल्यांदा हंसून बोलला ग. मग तेल खालीं ओघळलें. तेल राहिलें तर तुझें ते मशीन रागावेल, म्हणून शिकेकाई घेऊन चोळलें. हात आपले चालत राहिले. मोरीत पाणी जांभळें दिसलें तेव्हां मला सुचलें."

त्या रडत नव्हत्या. रडून झालं असावं, कारण डोळे सुजले होते. इराला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली. बाहेर शेजारच्या तमिळ मामी जिन्यातून ओरडल्या, "गंगास्नानम् आच्चा?" झालं का म्हणून.

"आणि या काळ्या फुल्या?" इराने विचारलं.

उत्तर मागून आलं. "मी काढल्या," तिचा नवरा विश्वेश म्हणाला. कमरेला नवी दिवाळीची वेष्टी, कपाळाला अक्षता, आणि चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा. "ऐक ना इरा. अंदाजाने नाही काढल्या. अप्पांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून सगळी मापं घेऊन ठेवली होती. माकडहाडापासून वर साडेनऊ, मधल्या रेघेपासून उजवीकडे चौदा. वहीत आकृती आहे. स्केल लावून काढल्यात."

जयतीर्थरावांनी चौतीस वर्षं गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारण्यात घालवली होती. आपल्या पाठीवर कोणी काही आखलं आणि त्याची मापं आपल्याकडे नाहीत, हे त्यांना सहन होणारच नव्हतं. सेंटरने सुरुवातीलाच विचारलं होतं, शाई पुसण्याची भीती असेल तर सुईने तीन ठिपके गोंदून देऊ का? तेव्हा ते ऐटीत म्हणाले होते, "कच्च्या ड्रॉइंगवर पक्की शाई मारीत नाहीत." डॉक्टर हसले, सगळे हसले, आणि ठिपके राहून गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"मोजलंस तेव्हा अप्पा कसे होते?" इराने विचारलं.

"कसे म्हणजे?"

"उभे की झोपलेले?"

"उभे. भिंतीला धरून."

"मशीनवर पालथे असतात. कातडी सरकते. शिवाय तेव्हा त्यांचं वजन चार किलो जास्त होतं. मी आत्ता डॉक्टरांना फोन करते."

ती वळली तर दारात हेमलता. विश्वेशची धाकटी बहीण, कोइमतूरला दिलेली, खास वडिलांसाठी दिवाळीला आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. तिची पहिली तोफ अक्कांवर सुटली. "तुला एक गोष्ट सांगून कळत नाही कां अक्का? प्रत्येक वेळीं आपलेंच? माझा बाप आहे तो!" अक्कांनी मान खाली घातली. पण इराने मोबाईल उघडलेला दिसताच तिने मोर्चा फिरवला. "आणि वैनी, तुम्ही थांबा. फोन केलात तर काय होईल माहीत आहे नं? पुन्हा सीटी, पुन्हा प्लॅन, आठ दिवस मशीन बंद. डॉक्टरांनीच बजावलेंय, मध्यें खंड नको. आठ दिवसांत दुखणें परत आलें तर तुम्ही सोसणार?"

"आठ दिवस कोण म्हणालं? कोणी विचारलंय?"

"पहाटे चारला तुम्ही उठला असतात तर हें झालेंच नसतें," हेमलता म्हणाली.

हे लागलं. घरातल्या प्रत्येक गोळीची वेळ इरा सांभाळत होती. चार-चार तासांनी मॉर्फिन, त्याबरोबर पोट साफ राहायचं औषध, रोज सकाळी गाडीत मागच्या सीटवर अप्पांना कुशीवर झोपवून सेंटरला नेणं. आणि एका पहाटे ती झोपली. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण तिच्या आईच्या तोंडी सारखी असायची. आज ती इराच्या अगदी ओठांवर आली होती. तिने ती गिळली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"विश्वेश, तुझ्या प्लँटमध्ये चासिस ज्या जिगच्या साच्यावर बसवता, त्याची खूण पुसली तर तू पेन घेऊन काढतोस?"

ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात विश्वेश नेमकं हेच काम बघायचा. खूण गेली की लाइन थांबते, मोजणीवाले येतात, नवी खूण सही झाल्याशिवाय एक बोल्ट कोणी आवळत नाही. गेल्याच वर्षी असल्याच चुकीसाठी त्याने एकाला कामावरून कमी केलं होतं.

"मला आंत ऐकूं येतंय," जयतीर्थरावांचा आवाज आला. "सगळे इकडे या."

सगळे गेले. ते भिंतीला धरून उभे होते. बसता येत नसे म्हणून ते एक तर पडलेले असत किंवा उभे. त्यांच्या माकडहाडाच्या वरच्या हाडात एक गाठ होती. दहा लाखांत एकाला होते म्हणे, इतकी दुर्मिळ की पहिली दोन वर्षं सगळ्यांनी तिला कंबरदुखी समजून शेक दिला. ऑपरेशनमध्ये निघाली तेवढी काढली. नसांना चिकटलेली राहिली, ती आता किरणांनी जाळायची होती. तेहतीस वेळा. एकवीस झाल्या होत्या, बारा राहिल्या होत्या. सोळाव्यानंतर एक दिवस ते खुर्चीवर बसून दहीभात जेवले होते, पुरी सात मिनिटं, आणि त्या सात मिनिटांचा आनंद घरात आठवडाभर पुरला होता.

"ड्रॉइंग माझें आहे," ते म्हणाले. "पाठ माझी आहे. सोमवारीं नेहमीप्रमाणें जायचें. कोणी कांही बोलायचें नाही."

"अप्पा, एक सेंटीमीटर जरी चुकलं तरी..."

"इरा, तू मुलगी चांगली आहेस. पण तू बोललीस तर मी त्या मशीनवर झोपणार नाही. सोमवारीं नाही, मंगळवारीं नाही, कधींच नाही. मी खोटें बोलत नाही, विचार याला." त्यांनी विश्वेशकडे बोट केलं. मग आवाज उतरला. "दहा लोकांसमोर तो डॉक्टर माझ्या अक्काला विचारणार, एवढें साधें कळत नाही कां म्हणून. तिला! मी तें बघणार नाही."

दिवाळीचं जेवण त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही.

*

रविवारी दुपारी विश्वेश शहरातल्या जॉर्ज टाउन बाजाराच्या गल्ल्यांमधून फिरत होता. दिवाळीमुळे निम्मी दुकानं बंद. बायकोला त्याने मोटरसायकलचं काहीतरी कारण सांगितलं होतं आणि तिने ऐकून घेतलं होतं, म्हणजे तिला कळलं होतं. शेवटी एका स्टेशनरीवाल्याने अर्धं शटर वर करून त्याला मार्कर दाखवले. निळा, हिरवा, जांभळा. तळहातावर ओढून त्याने रंग जुळवला. हुबेहूब.

घरी जाऊन वडिलांना पालथं झोपवून तो त्या काळ्या फुल्यांवर जांभळ्या रेघा ओढणार होता आणि अंगठ्याने जराशा फिसकटवणार होता, म्हणजे शरण्याला शंका येऊ नये. आपण किती नीट विचार केलाय हे लक्षात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. तरी त्याने मार्कर घेतला. लहानपणापासून अप्पांनी 'कर' म्हटलं आणि त्याने केलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. ते दुखण्याने कळवळताना तर 'नाही' हा शब्द त्याला सुचतही नव्हता.

*

रविवारी संध्याकाळी इरा गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. अक्का गुडघ्यांवर हात ठेवत एकेक पायरी चढून वर आल्या. दोरीवर त्यांचा पांढरा पंचा वाळत होता. त्यावर जांभळट डाग होता, धुऊनही न गेलेला.

"तुला एक विचारूं?" अक्का म्हणाल्या. "खरें सांगशील? मला फसवूं नकोस. हे सगळे मला म्हातारी म्हणून गोड बोलतात."

"विचारा."

"तीं किरणें चुकून शेजारीं पडलीं तर काय होतें? भाजतें कां?"

इरा थोडा वेळ कपड्यांची घडी घालत राहिली. मग तिने घडी खाली ठेवली. "लगेच काहीच कळत नाही, अक्का. दुखत नाही, दिसत नाही. मशीन नेहमीसारखंच चालतं. पण गाठीची एक कड सुटून जाते आणि ती पुन्हा वाढते. आणि पुढच्या बाजूला आतडं असतं, ते भाजतं. ते सहा महिन्यांनी, वर्षाने कळतं. तेव्हा काही करता येत नाही."

"म्हणजे पुन्हा तें दुखणें."

"हो. यापेक्षा वाईट."

"आणि तू बोललीस तर तो जाणार नाही."

"तसंच म्हणालेत. मला काय करावं ते कळत नाही. बोलले तर उपचार सोडतील, गप्प बसले तर उद्या सकाळी मीच त्यांना गाडीत घालून न्यायचं आणि मीच त्या टेबलावर झोपवायचं." इराचा आवाज फुटला. "मला हे नाही जमणार अक्का. मी पळून जाईन असं वाटतंय."

अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, जवळही घेतलं नाही. त्या पंच्याकडे बघत होत्या. त्यांना आठवत होतं ते कुंभकोणचं घर. आई गेली तेव्हा त्या सोळा वर्षांच्या, नुकत्याच लग्न झालेल्या, आणि जयतीर्थ सात वर्षांचा. त्याला बरोबर घेऊन त्या सासरी गेल्या होत्या. पहिल्या दिवाळीला सासूने तेल फक्त घरच्या मुलांपुरतं काढलं. तेव्हा नवी सून कृष्णवेणी आपल्या वाटचं तेल वाटीत घेऊन भावाला विहिरीवर घेऊन गेली होती. त्यानंतर सत्तावन्न दिवाळ्या. एकही चुकली नव्हती. तो पोरगा अजून आपल्यासाठीच भांडतोय, हे त्यांना गोड वाटत होतं आणि त्या गोडीची भीतीही वाटत होती.

"उद्यां किती वाजतां निघायचें?" त्यांनी विचारलं.

"पावणेआठ."

"मी येतें." त्यांनी दोरीवरून पंचा ओढला आणि घडी घालून काखेत धरला.

*

सोमवारी सेंटरच्या बाकांवर दिवाळीनंतरची गर्दी होती. गळ्याला पट्ट्या, डोक्याला रुमाल, कोणाच्या हातात अजून मिठाईचा डबा. अक्का नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. जयतीर्थराव भिंतीला टेकून उभे. विश्वेशने रजा टाकली होती. तो इराकडे बघत नव्हता; त्याच्या अंगठ्यावर जांभळी शाई होती. हेमलता एकटीच बोलत होती, पंखा फार जोरात आहे म्हणून. इराने रात्रभरात ठरवलं होतं: शरण्याने नाव पुकारलं की बोलायचं, पुढे काय होईल ते होवो. आता ते ठरवलेलं वाक्य तिला आठवेना.

"जयतीर्थ राव सार, वांगो," दारातून शरण्याने बोलावलं. पंचविशीची, हसरी. "दीपावळी छान झाली कां?"

"झाली, झाली," जयतीर्थराव म्हणाले आणि पाऊल टाकलं. इरा उठली. तिने तोंड उघडलं.

"थांब ग पोरी," अक्का म्हणाल्या.

त्यांनी ते शरण्याला म्हटलं होतं, तमिळमध्ये, भाजीवालीला थांबवावं तशा आवाजात. बाकांवरची माणसं वळली. अक्कांनी पिशवीतून पंचा काढून उलगडला.

"ही तुझी शाई. ओळखतेस कां? शनिवारीं पहाटे मी याला तेल लावून न्हाऊ घातलें आणि तुझ्या रेघा धुऊन टाकल्या. आतां याच्या पाठीवर आहेत त्या तुझ्या नव्हेत. घरीं पट्टी लावून काढल्यात. तूं तपासल्याशिवाय याला आंत घेऊं नकोस."

"अक्का!" जयतीर्थराव ओरडले. ओरडण्याने कंबरेत कळ गेली आणि त्यांनी भिंत धरली. "मी घरीं जातों. विश्वेश, गाडी काढ."

विश्वेश जागचा हलला नाही. "नाही अप्पा," तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तो स्वतःच दचकल्यासारखा झाला.

"माझ्यासाठीं गप्प बसणार होतास नं?" अक्का भावाला म्हणाल्या, आता मराठीत. "मला कोणी बोलूं नये म्हणून? बघ, मीच बोललें. सगळ्यांसमोर. झालें. आतां कुणासाठीं गप्प बसतोस? आंत जा."

सात वर्षांच्या मुलाला दटावलं की होतं तसं जयतीर्थरावांचं तोंड झालं. ते आत गेले.

अर्ध्या तासाने डॉक्टर सुंदर बाहेर आले. मवाळ माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी मशीनवर एक्स-रे काढून जुन्या चित्राशी ताडून पाहिला होता. "मधली फुली बरोबर आहे," ते म्हणाले. "उजवीकडची अकरा मिलिमीटर खाली आहे." हेमलताने विचारलं, अकरा मिलिमीटर म्हणजे किती? त्यांनी बोटाच्या नखाची रुंदी दाखवली. "एवढं. तेवढ्याने गाठीची वरची कड रोज सुटली असती आणि आतडं रोज भाजलं असतं."

हेमलताने पदर तोंडाला लावला.

"किती दिवस बंद राहील?" इराने विचारलं.

"आठ दिवस वगैरे नाही हो. आज दुपारी सीटी, नवीन खुणा. बुधवारी सुरू. आजची-उद्याची बुडालेल्या दोन वेळा पुढे सकाळ-संध्याकाळ देऊन भरून काढू. फोन केला असतात तर शनिवारीच सांगितलं असतं." मग ते अक्कांकडे वळले. "माझी आईसुद्धा ऐकत नाही, अम्मा," ते एवढंच म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन पुढच्या पेशंटकडे गेले.

दुपारी सीटीच्या खोलीत शरण्याने विचारलं, "सार, आतां तरी गोंदायचे कां ठिपके?"

"मार," जयतीर्थराव उशीत म्हणाले. "आतां पक्की मार."

अक्कांना त्यांच्या डोक्याशी स्टूल दिलं होतं. शरण्याने शाईचा थेंब टाकून मधोमध सुई टोचली. ऑपरेशनपासून तिथली कातडी बधिर होती, त्यांना कळलंही नाही. कुशींवरच्या दोन मात्र लागल्या. डावीला त्यांनी दात आवळले. उजवीला अक्कांचा हात धरला.

"दुखलें कां रे?"

"नाही." मग जरा वेळाने, डोळे न उघडता, "अक्का, हें आतां तेलानें जात नाही म्हणे. शिकेकाईनेंही नाही. पुढच्या दीपावळीला पाठीलासुद्धा लाव."

अक्कांनी भावाच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. तिथे अजून शनिवारचं तेल होतं.

"लावीन," त्या म्हणाल्या. "तेवढा तूं रहा."